कल्ला उघडल्यावर

लिस्बनच्या मासळी बाजारातला मासेवाला मला 'मेनीना' म्हणतो. मेनीना म्हणजे मुलगी. माझी सत्तरी जवळ आली आहे. माझ्या लेकीला मात्र तो अदबीने 'सेन्योरा', म्हणजे बाईसाहेब म्हणतो.

"अगं आई, इथे वयस्कर बायकांना लाडाने तसंच म्हणतात," लेक म्हणाली. "स्पेनमध्येसुद्धा पिकल्या केसांच्या बाईला एखादा दुकानदार 'सेन्योरीता', म्हणजे कुमारी, म्हणून हाक मारतो."

मला या लाडाचा भारी संशय येतो. आमच्या मालवणातही ज्याला आपलं काम करायचं नसतं, तोच "आजी, तुम्ही बसा हो जरा" म्हणतो. ताठ चालणाऱ्या बाईला लोक मान देतात. ती थकली की गोड शब्द देतात, आणि त्या शब्दाआडून काय सरकवतात ते कुणी बघत नाही.

परवा मी बघितलं. "मेनीना, मेनीना" करत त्याने पिशवीत टाकलेला बांगडा मी बाहेर काढला आणि कल्ला उघडून त्याच्यासमोर धरला. आत ताज्या माशाच्या लालीचा मागमूस नव्हता, सगळं तपकिरी. त्याने बर्फाखालून दुसरा बांगडा काढला, आपणहून त्याचा कल्ला उघडून दाखवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सेन्योरा."

माझ्यामागे काठी टेकत एक म्हातारी उभी होती. तिला बघताच त्याचा चेहरा पुन्हा गोड झाला.

"मेनीना," तो म्हणाला.

मी पिशवी खांद्याला लावली, पण जागची हलले नाही.