तांब्याच्या खिळ्याचे चाकू

सावळेराम पहिल्यांदा माझ्याकडे आला तो वहीचा एक कागद घेऊन. साल १९९४. मी ओतूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि बाजारपेठेच्या मागे खोली घेऊन राहायचो. कागदावर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं काढलेली होती. लिहिलेली नव्हे, चित्र काढावं तशी काढलेली, कारण त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"गुरुजी, एवढं वाचून द्या. चाकूच्या पात्याच्या बुडाला हाय. निम्मं घासलंय, दिसलं तेवढं उतरवलं."

मी वाचलं, "शेफील्ड. विलायतेतलं गाव आहे, चाकूसुऱ्यांचं."

"म्हंजी इलायती हाय ह्यो माझा अंदाज बराबर व्हता," तो खुशीनं म्हणाला. "पातं मिटताना आतल्या पोलादी कमानीचा आवाजच येगळा येतो त्याच्या."

पिंपरी पेंढारचा हा माणूस कलमं बांधायचा. आंबा, गुलाब आणि पुढे द्राक्षबागा वाढल्या तशी द्राक्षाची. कलम बांधणाऱ्याला खिशात चांगला चाकू लागतो, तिथून त्याला हा नाद लागला. भंगारवाल्यांच्या पोत्यांतून, जुन्नर-मंचरच्या बाजारातून, फौजेतून परतलेल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंकांतून तो जुने मिटते चाकू जमवायचा. हरणाच्या शिंगाची मूठ, हाडाची मूठ, शिसवीची मूठ. प्रत्येक चाकू खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. शिवाय एक वही. त्यात चाकूवरची खूण, साल, मूठ कशाची, कुठे मिळाला, हे सगळं नीट लिहिलेलं.

त्याची बायको प्रयागबाई म्हणायची, "ह्यांना माणूस दोनदा भेटला तर वळखू येत न्हाई, पर चाकू अंधारात वळखत्यात."

ते खरंच होतं. मी एकदा त्याला डोळे झाकायला लावून हातात चाकू दिला होता. त्यानं पातं उघडलं, मिटलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "लष्करी. लढाईतला. बुडाला इंग्रज फौजेचा बाण आसंल." होता.

त्याच्या शेजारी जानकू राहायचा. दुसऱ्याचा टेंपो चालवायचा, नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जायचा. क्रेटच्या दोऱ्या कापायला चाकू हवा म्हणून सावळेरामनं त्याला तसलाच एक लष्करी चाकू दिला. काळी मूठ, एक पातं आणि पाठीमागे दाभणासारखा सुळा. पात्याचा खिळा सैल होता, तो काढून सावळेरामनं तांब्याचा बसवून दिला.

१९९८च्या दिवाळीनंतर जानकू वाशीहून परत आला, मालकाच्या दारात टेंपो लावला, किल्ली दिली आणि घराकडे म्हणून चालत निघाला. तो घरी पोचलाच नाही. घरात भांडण नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं, दारू नव्हती. गावानं विहिरी पाहिल्या, नातेवाइकांकडे माणसं धाडली, पोलिसांत कळवलं. त्याची बायको चिमाबाई आणि मुलगी आरती मागे राहिल्या. चिमाबाई कुंकू लावायची, संक्रांतीला वाण द्यायची आणि कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायची, "गाडीवं गेल्यात."

अशी साडेचार वर्षं गेली.

२००३च्या उन्हाळ्यात येडगाव धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागे गेलं. गाळात एका माणसाची हाडं सापडली. कपडे राहिले नव्हते, जवळ फक्त गंजून गोळा झालेला एक मिटता चाकू होता. हवालदारानं कुठून तरी सावळेरामचं नाव ऐकलं असणार. तो चाकू घेऊन पिंपरी पेंढारला आला. त्या दिवशी मीही सहज तिथे गेलेलो होतो.

सावळेरामनं चाकू रॉकेलात भिजत घातला. तासाभरानं ब्रशनं घासायला बसला. ओट्याभोवती पंधरावीस माणसं जमली होती. आधी सुळा दिसला. मग काळ्या मुठीचा तुकडा. मग गंजातून खिळ्याचं तांबडं टोक चमकलं आणि त्याचा हात थांबला.

"साल वाचा, गुरुजी."

मी भिंग धरलं. "त्रेचाळीस. आणि बाण."

"जानकूचा हाय," तो म्हणाला.

"नक्की?" हवालदारानं विचारलं.

"माझ्या हातचा खिळा मी इसरंन व्हय? लष्करी चाकवाला तांब्याचा खिळा नसतोच. ह्यो मी ठोकलेला हाय."

मीही मान हलवली. ते मान हलवणं मला अजून विसरता येत नाही. पातं गंजानं आतच धरलं होतं, ते काही उघडलं नाही. उघडायची गरज कुणालाच वाटली नाही.

चिमाबाई शेजारी आपल्या दारातच उभी होती. आत गेली आणि बांगड्या फोडल्याचा आवाज आला. हाडं मिळाली, त्यांना अग्नी दिला, दहावा झाला, राख पाण्यात सोडली. पोलिसांनी कागद बंद केला. सावळेराम तेराव्यापर्यंत रोज त्यांच्या दारात बसून होता. "वाट बघायची तरी सुटली वैनीची," असं तो मला म्हणाला. मलाही तेच वाटलं.

२००५च्या पावसाळ्यानंतर एका दुपारी तो एसटीनं तडक माझ्याकडे आला. मंचरच्या बाजारातून. पाणीसुद्धा न पिता त्यानं टेबलावर एक चाकू ठेवला. काळी मूठ, पाठीला सुळा, तांब्याचा खिळा.

"उघडा. आतल्या पत्र्यावं बघा."

पातं सहज उघडलं. पातं मिटतं त्या खाचेत, एका बाजूच्या पत्र्यावर, टोकदार काहीतरी घेऊन वाकडीतिकडी अक्षरं कोरली होती. जानकू.

"हे मी कोरलं न्हाई," सावळेराम म्हणाला. "त्यानंच मागनं कोरलं आसंल. मला कधी दावलं न्हाई."

"मग धरणातला?"

तो सावकाश सांगत गेला. जुन्नरच्या बाजारात त्यानं एकाच पोत्यातून एकसारखे दोन चाकू घेतले होते. दोन्हीचे खिळे सैल. जळलेल्या पंपाच्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेच्या एकाच तुकड्यातून त्यानं दोन्हीला खिळे केले, एकाच दुपारी. एक जानकूला दिला. दुसरा द्राक्षाच्या हंगामात कामाला आलेल्या एका गड्याला दिला आणि विसरून गेला.

"परभणीकडचा का नांदेडकडचा व्हता. व्हटावं डाग व्हता. हात लई चांगला. हंगाम सपायच्या आदीच एक दिस आला न्हाई, मंग कदीच न्हाई, आमी म्हनलं गावाला गेला आसंल."

"नाव काय त्याचं?"

त्यानं पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे केली. पान बरोबर होतं. बाण, साल, काळी मूठ, सुळा, जुन्नर बाजार, नग दोन. कुणाला दिला ते लिहायची त्याची पद्धतच नव्हती.

"त्याच्याबी घरी कुनीतरी वाट बघत आसंल, गुरुजी. आन त्याला आमी जानकू म्हनून जाळला."

चाकू विकणाऱ्याला आम्ही पुन्हा गाठलं. त्यानं तो नाशिक रस्त्यावरच्या एका ढाब्यावरून आणला होता. जानकूचा लग्नातला फोटो घेऊन आम्ही ढाब्यावर गेलो. तिथल्या वाढप्यानं सांगितलं, कुणी ड्रायव्हर चाकू विसरून गेला होता, तीनचार वर्षं झाली. फोटो त्यानं जवळ धरला, लांब धरला. "इतने आते हैं, साब," म्हणाला आणि फोटो परत दिला. पुढचे सहा महिने सावळेराम त्या रस्त्यावरचे ढाबे पालथे घालत होता. काही निघालं नाही. पोलिसांकडेही जाऊन आलो. आधीचा हवालदार बदलून गेला होता. नव्यानं ऐकून घेतलं, पण हाडंच राहिली नाहीत तर तपासायचं काय, असं म्हणाला.

"चिमाबाईला सांगू नका," मी म्हणालो.

"तवा न कळता खोटं बोललो. आता कळून बोलू?"

आम्ही दोघं गेलो. चिमाबाई अंगणात शेंगा फोडत होती. सावळेरामनं चाकू उघडून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ज ची शेपूट अशीच काढायचे," ती म्हणाली. मग वर बघून, "म्हंजी हायेत?"

"ठावं न्हाई, वैनी."

"मंग न्हाईत?"

"त्येबी ठावं न्हाई."

"मंग मी पान्यात सोडलं ते कोन?"

शेंगांची टोपली तिनं बाजूला सारली.

"भाऊ, तुमी सांगितलं म्हनून मी कुकू पुसलं. आता तुमीच सांगा, लावू का?"

चिमाबाईनं चाकू मिटून सावळेरामसमोर जमिनीवर ठेवला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. आम्ही उठून आलो.

त्यानंतर लोक जुने चाकू घेऊन आले की सावळेराम म्हणायचा, "मला वळखू येत न्हाई." कलम बांधणंही त्यानं सोडलं. डब्यांना त्यानं हात लावला नाही. दमट हवेत आतल्या चाकूंना गंज चढला. २००८मध्ये अर्धांगाचा झटका येऊन तो गेला. शेवटचे चार दिवस त्याची वाचा गेली होती. उशाशी बसलेल्या माझ्या ओठांवर तो पुन्हा पुन्हा बोट ठेवत होता. त्या गड्याच्या ओठावरचा डाग त्याला दाखवायचा असावा असं मला वाटलं, पण तेही मी नक्की सांगू शकत नाही.

आरतीचं लग्न घोडेगावात झालं आणि चिमाबाई तिच्याकडे राहायला गेली. पुढच्या वर्षी मी तिला भेटायला गेलो. कपाळ कोरंच होतं. जावयानं निराधार बायकांच्या सरकारी पगाराचा फॉर्म आणून ठेवला होता. तिनं तो माझ्यापुढे सरकवला.

"ह्यात नवऱ्याच्या मरनाची तारीख मागत्यात. काय लिहू?"

"पोलिसांच्या कागदावर तारीख आहे," मी म्हणालो. "तीच लिहा."

"ती दुसऱ्याची हाय ना, गुरुजी."

मी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. तिनं फॉर्म माझ्या हातून काढून घेतला, घडी घातली आणि चहा टाकायला आत गेली.