कोरफडीला वाळू मानवली

आता काय सांगू तुम्हाला, काय गाढवपणा केला मी! चहा घेता घेता ऐका.

आमची मुक्ता, वय वीस. मांडीच्या हाडात, गुडघ्याजवळ कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढून धातूचा गुडघा बसवला, केमो झाली, पोरगी वाचली. तेव्हा ठरलं होतं, मांडीत ताकद आली की काठी सुटणार आणि ती कर्वेनगरचे आमचे तीन जिने उतरून कॉलेजला जाणार!

व्यायाम असा: पायाला एक किलो वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ उचलायचा आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायचा. बायकोने जुन्या जीन्सचा पाय कापून नाडीची पिशवी शिवली. मोजायचं काम माझं.

पोरीचा पाय थरथरला की माझा जीव कासावीस! मी एकदोनतीन करत धावतच दहाला पोचायचो.

"बाबा, तुझे दहा चारातच संपतात!"

झालं, माझी मोजणी गेली. बायको शाळेत गणित शिकवते. तिचे दहा म्हणजे दहाच.

मग मी काय करावं? रोज सकाळी, दोघी उठायच्या आत, पिशवीतली चमचाभर वाळू काढायची आणि गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीत टाकायची! महिन्याभरात पिशवी चपटी आणि कोरफड टम्म.

"अहो, कोरफड काय फोफावलीय!"

"माझा हात लागतो ना तिला," मी म्हणालो. खोटं होतं का सांगा?

पुढच्या तपासणीला फिजिओथेरपीच्या मॅडमनी थेट दोन किलोचं वजन काढलं. मी ताडकन उठलो! पाय उचललाच नाही तर? पोरीचं मन मोडणार, तेही माझ्यामुळे.

"थांबा मॅडम! पिशवीत वाळूच नाहीये! मी चोरलीय! सगळी कोरफडीत आहे!"

खोलीतले सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मुक्ताने पाय उचलला. सरळ! दहा आकडे धरला, तेही आईचे दहा. मी तिथेच रडायला लागलो.

"बाबा, जीन्सला पाय किती असतात?"

"दोन."

"दुसऱ्या पायाची पिशवी आईने केव्हाच शिवली. मॅडमना विचारून वाळू वाढवत होतो. तू ऑफिसला गेलास की ती बांधायचे."

"मग माझ्यासमोर ती हलकी कशाला?"

"तुला बघवत नव्हतं ना रे!"

आता मुक्ता काठीशिवाय कॉलेजला जाते. आणि ती दुसरी, दोन किलोची झालेली पिशवी, शिक्षा म्हणून, रोज संध्याकाळी माझ्या पायाला असते. पाचालाच माझी मांडी लटपटते. मोजायला मुक्ता बसते. सहा म्हणून झालं की ती आत जाऊन चहा टाकते, सावकाश पिते आणि मग येऊन सात म्हणते.