उशीवरून उचललेलं डोकं

कामरगावच्या अलीकडे गाडीची काच खाली केली आणि फवारणीच्या औषधाचा तो उग्र वास नाकात शिरला. कपाशी कमरेएवढी झाली होती. ड्रायव्हर काच वर करायला निघाला, मी त्याला थांबवलं. माणसं मोगऱ्याच्या वासानं हळवी होतात, मी या वासानं होते. माझं खरं वैद्यकीय शिक्षण याच वासात झालं.

सत्तरच्या दशकात, नुकतीच डॉक्टर झालेली मी इथल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात रुजू झाले. बारा खाटा आणि सर, म्हणजे तिथले मुख्य डॉक्टर. अतिदक्षता हा शब्द आमच्याकडे पोचायचा होता. सरांची अतिदक्षता म्हणजे खाटेशेजारचं लाकडी स्टूल. फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेली माणसं यायची, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सर इंजेक्शनं देत, स्टुलावर बसून श्वास मोजत आणि सारं एका लाल बांधणीच्या वहीत उतरवत. त्या वहीतूनच त्यांना आमच्या पुस्तकांत नसलेली एक गोष्ट उमगली होती. शुद्धीवर आलेल्या, जेवूखाऊ लागलेल्या माणसाचाही श्वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबू शकतो, आणि त्याआधी त्याची मान दुबळी होते. म्हणून त्यांचा दंडक होता, उताणं निजवून रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. उचललं नाही, तर घर नाही. मला तो त्यांचा छांदिष्टपणा वाटायचा. नवी पदवी डोक्यात गेली होती, दुसरं काय.

एका सकाळी सर बाहेरच्या रुग्णांत अडकले होते. शेतात औषध हातानं कालवून आजारी पडलेल्या एका तरुण सुनेचा तिसरा दिवस होता. तिचा सासरा माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"डाक्टरीनबाई, पोरगी बोलून राह्यली, भाकर खाल्ली तिनं. आता कायले ठेवता? कामरगावची यष्टी निंगून जाईन."

मी नाडी पाहिली, बाहुल्या पाहिल्या. मान पाहिली नाही. जा म्हटलं.

थोड्या वेळानं सर आले. रिकामी खाट पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "मान उचलली होती?" मी ती पाहिलीच नव्हती. त्यांनी कंपाउंडरची सायकल घेतली, मी मागून धावले. थांब्यावर यष्टीचं इंजिन सुरू झालेलं होतं. सून सासऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. सरांनी तिला मागच्या लांब बाकावर निजवलं आणि डोकं उचलायला सांगितलं. तिनं जोर लावला, ओशाळून हसली, पण डोकं जागचं हललं नाही.

"काय झालं जी?" सासरा घाबरला.

"अजून काही झालं नाही. म्हणूनच उतरवा."

दुपारपर्यंत तिचा श्वास मंदावला. सरांनी घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला. यंत्र नव्हतं, हात होते. सर, सिस्टर, मी, आणि पाळीपाळीनं तिच्या गावची माणसं. "तुमचा श्वास चालते तसा दाबा, घाई नका करू," सरांनी सासऱ्याला त्याच्याच बोलीत शिकवलं. तो सहा दिवस फुगा दाबत होता आणि मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. सातव्या दिवशी ती स्वतः श्वास घेऊ लागली. घरी जायच्या दिवशी तिनं न सांगताच डोकं उचललं आणि म्हणाली, "पाहा बाई, उचललं."

वहीत सरांनी लिहिलं होतं, "तिसरा दिवस. बोलते, खाते. मान उचलत नाही. घरी सोडण्याची चूक झाली." कुणाची, ते लिहिलं नव्हतं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पुढे पाहिला नाही.

माझ्यानंतर त्यांच्या हाताखाली शिकलेला एक डॉक्टर बऱ्याच वर्षांनी भेटला, तोवर सर गेले होते. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला सर त्या सुनेची गोष्ट सांगत, म्हणाला. सुरुवात ठरलेली, "माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती."

पुढे शहरात, यंत्रांनी भरलेल्या विभागात मीही शिकवत राहिले. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. सायकलवर निघालेला डॉक्टर तिच्यात तोच आहे. चूक मात्र मी त्यांच्याकडून परत घेतली आहे. ती माझी आहे.