शांततेवर चार शब्द

आमचं घर तेव्हा मानपाड्याला, कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. यंत्रांची घरघर ऐकून बायकोचं डोकं कायम दुखायचं. एक दिवस तरी तिला शांतता मिळावी, म्हणून मी एका निसर्गप्रेमी मंडळाच्या खडवलीच्या सहलीत दोघांची नावं घातली. रानातल्या घळीतून नदीपर्यंत उतरायचं आणि त्याच वाटेने चढून परत यायचं.

सहलीत एक गृहस्थ होते. गळ्यात शिट्टी, खांद्याला शबनम. घळीत शिरताच शिट्टी फुंकून ते ओरडले, "मंडळी, शांतता ऐका!" मग नदी येईपर्यंत ते शांततेवरच बोलले. पाखरं भराभर उडून गेली. "पाहिलंत? माणसाला घाबरतात," ते म्हणाले.

बायको पाण्यात पाय सोडून बसते न बसते, तोच त्यांनी शबनममधून शाल-नारळ काढला. ज्येष्ठ सभासदाचा सत्कार, मग निसर्गाचे आभार. नदीचा आवाज मध्ये येत होता, म्हणून त्यांनी आपला चढवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतीच्या चढावर गृहस्थांना धाप लागली. शिट्टीसुद्धा वाजेना. रानात पहिल्यांदाच पाखरं ऐकू आली. वयाने मोठा माणूस, घामाघूम झालेला. मला राहवेना.

"अगं, त्यांच्यासाठी जरा थांबूया का?"

"अहो, उलट भरभर चला," बायको म्हणाली. "थांबलात, तर त्यांना बोलायला दम उरेल."

मी झपझप चालू लागलो. त्या धापेची टोचणी मला आजही आहे. पण त्या चढावर बायकोने एकदाही डोकं धरलं नाही.