चाकवताची साक्ष

खराडीत आमच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडे एका माळीकाकांची कार्नेशनच्या फुलझाडांची रोपवाटिका होती. भोवती काचेच्या इमारती उठल्या, तरी ते डोक्याला टॉवेल गुंडाळून तिथंच बसलेले असायचे. एका झाडाची फांदी कापली की कात्री साबणाच्या पाण्यात बुडवायची, मगच दुसरं झाड. बोलायचे तेही झाडाकडे बघून.

कोपऱ्यात चाकवताच्या कुंड्या होत्या. मला वाटलं, भाजीसाठी.

"भाजी न्हाई, ताई. साक्षीदार हाय त्यो. फुलझाडाचा रस त्याच्या पानावर चोळायचा. रोग आत दडून बसला आसंल तर ठिपकं उठत्यात. फुलझाड सोता सांगत न्हाई."

त्यांनी मला कार्नेशनचं एक रोप दिलं होतं. वर्षभरानं एका सकाळी ते नवं रोप घेऊन माझ्या घराच्या दारात उभे.

"आदलं परत द्या. ज्या झाडाच्या फांदीपासनं ते केलं, त्याच्या रसानं चाकवतावर ठिपकं उठलं. त्या झाडाची माझ्याकडची समदी रोपं उपटून जाळली."

"अहो, याचं एक पान पिवळं नाही!"

"म्हनून तर आलो. माझ्याकडनं रोपं नेल्याल्या शेतकऱ्यांची फुलं वर्साला बारीक होत्यात, आन् त्यांना वाटतं खत कमी पडलं."

कुंडी काखेत मारून ते वळले आणि थांबले. "याच्या फांद्या कुनाला दिल्या का?"

सोसायटीत चार घरी मी कौतुकानं वाटल्या होत्या. ओशाळून मी त्यांना बरोबर घेऊन पहिल्या घराची बेल वाजवली. दार उघडलं. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "मावशी, चूक माझी हाय. ताईंनी दिल्यालं झाड तेवढं परत द्या."