वास न येणारं घर

इथे इंग्लंडमध्ये आमच्या स्लाऊ गावाजवळ मी रोज फिरायला जाते ना, त्या वाटेवर जुनी मोबाइल होम्स, म्हणजे तयार आणून ठेवलेली हलकी घरं, आहेत. त्यातलं एक, एक गोरी बाई स्वतःच्या हातानं नवं करत होती. नाव काही मी कधी विचारलं नाही. तिच्या मुलीला दमा. रंगाच्या नुसत्या वासानं तिला धाप लागायची, आणि आता ती इथेच राहायला येणार होती. म्हणून बाईनं जुनं कार्पेट उपटलं, भिंतीत मेंढीची लोकर भरली, वरून चुना दिला. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही! सारखी भिंती हुंगायची. मला हाक मारायची, "तुम्ही बघा ना, माझं नाक सरावलंय."

मुलगी यायच्या दिवशी मी शुभ म्हणून उदबत्तीचा पुडा नेला. तिनं दारातच अडवलं, "अहो नको, आत नको!" माझ्या हातांना चंदनाचा घमघमाट, आता मी हुंगून काय सांगणार? पुडा लांब कुंपणापाशी ठेवून येते, तोवर मुलगी आत गेलीसुद्धा. आम्ही दोघी पायरीशी कान देऊन उभ्या. बाई हातातल्या ब्रशचे केस उपटत होती.

"मम, केटल कुठेय?" आतून मुलीचा आवाज आला, धाप नाही, चांगला खणखणीत.

बाई मटकन पायरीवर बसली. इतक्या दिवसांत तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.