तेल चोळलेली तूर

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कलबुर्गीच्या कॉलेजात मला तुरीवर प्रकल्प मिळाला. वेगवेगळ्या वाणांचं पीठ अळ्यांना खाऊ घालायचं आणि त्यांची वाढ मोजायची, एवढंच काम. बाकीचे वाण दुकानातून आणले, एक औरादहून, आमच्या घरचा. घरच्या तुरीवर अळ्या वाढेचनात. सर खूश. त्यांच्या मते या तुरीत अळीचं पचन बंद पाडणारं एखादं प्रथिन असणार. मीही फुगले. आमच्या तालुक्याचं कुणी कौतुक केलं की मला लगेच चढतं.

पुढं त्याच सरांकडे पीएचडी. पाच वर्षं ते प्रथिन शोधलं. जे हाती लागायचं त्यानं अळ्यांना फारसं काही व्हायचं नाही. "शुद्ध करताना बिघडत असेल," सर म्हणायचे. मी तेच प्रबंधात लिहून टाकलं. पदवी मिळाली आणि त्या जोरावर बेंगळुरूत याच प्रथिनावर तीन वर्षांची पोस्टडॉकची जागाही.

जायच्या आधी बियाणं न्यायला घरी आले, तर आई अंगणात तुरीला निंबोळीचं तेल चोळत बसलेली. कीड लागू नये म्हणून. तो कडवट वास मी लहानपणापासून तुरीचाच समजत आले होते. दुकानातल्या बियाण्याला औषध असतं म्हणून ते मी दरवेळी धुऊन घ्यायचे. घरचं कशाला धुवायचं?

"मला देतीस त्यालाबी तेल लावतीस?"

"व्हय की. तुझ्यासाठी तर दोनदा चोळते. कामून इचारायलीस?"

"काही न्हाई."

क्षणभर आईचाच राग आला, मग स्वतःची लाज वाटली.

बेंगळुरूत पहिल्याच महिन्यात बिनतेलाची तूर दळून घातली. अळ्या चांगल्या टुणटुणीत झाल्या. सांगावं तर पदवी आणि नोकरी दोन्ही जाणार. न सांगावं तर नसलेलं प्रथिन आणखी तीन वर्षं शोधायचं. दर सोमवारच्या बैठकीत मी "प्रयोग चालू आहेत" म्हणते आणि खाली बसते.

परवा जुन्या सरांचा फोन आला. याच विषयावर त्यांनी एका नव्या मुलीला पीएचडीला घेतलंय. "तुझ्या घरचं थोडं बियाणं लागेल तिला," म्हणाले.

आत्ताच सांगावं, असं वाटलं. तोंडही उघडलं.

"आईला पाठवायला सांगते, सर."